सरकारी लिलाव आणि अनामतजप्ती : एक ऐतिहासिक मागोवा (१८७२–२०२४)

प्रस्तावना

सरकारी लिलावात भाग घेणाऱ्यास बोलीपूर्वी किंवा बोली मंजूर होताच काही रक्कम भरावी लागते. तिला कोठे इसारा, कोठे बयाणा, तर कोठे सुरक्षा अनामत म्हटले जाते. बोलीदाराने उर्वरित किंमत मुदतीत भरली नाही, तर ही रक्कम ‘सरकारजमा’ होते. अशा लिलावात अटी ठरविणारे, पैसा ताब्यात ठेवणारे आणि करारभंग झाला की नाही हे प्रथम ठरविणारे, अशा तिन्ही भूमिका सरकारकडेच असतात. त्यामुळे जप्तीच्या अधिकाराची मर्यादा कोणती, हा प्रश्न केवळ व्यापारी स्वरूपाचा राहत नाही. तो शासनसंस्था आणि नागरिक यांच्या संबंधांचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात कायदे व न्यायनिर्णय यांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

पूर्वपीठिका

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलती अधिक बोली बोलणाऱ्यास मक्त्याने दिल्या जात आणि मामलेदारांकडून आगाऊ ‘रसद’ घेतली जाई. मात्र रसद ही येणाऱ्या महसुलाची उचल होती. करारभंगासाठी राखून ठेवलेली अनामत नव्हती. इंग्रजी अमलात या व्यवहारास कायद्याचे रूप आले. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानुसार थकबाकीदाराच्या जमिनीच्या लिलावात खरेदीदारास पंचवीस टक्के रक्कम तत्काळ भरावी लागे आणि पुढील रक्कम थकल्यास ती जप्त होत असे.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्येही न्यायालयीन लिलावासाठी पंचवीस टक्के तत्काळ व उर्वरित पंधरा दिवसांत अशीच रचना आहे. परंतु तेथे जप्तीच्या तरतुदीत ‘न्यायालयास योग्य वाटल्यास’ या अर्थाचे शब्द आहेत. मणिलाल मोहनलाल शाह प्रकरणात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाने पैसे न भरल्यास विक्रीच उरत नाही व फेरलिलाव अनिवार्य आहे, असे सांगितले. मात्र अनामत जप्त करणे न करणे न्यायालयाच्या विवेकाधीन मानले.

कलम ७४ आणि सरकारचे स्थान

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ ने इंग्लंडच्या कायद्यातील ‘शास्ती’ व ‘पूर्वनिश्चित भरपाई’ हा भेद बाजूस सारला. करारात कोणतीही रक्कम लिहिलेली असली, तरी तिच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळेल, असे त्याचे सूत्र आहे. १८९९ च्या दुरुस्तीने शास्तीच्या स्वरूपाच्या अन्य अटीही या कलमाच्या कक्षेत आल्या.

या कलमातील अपवाद इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कायद्यानुसार किंवा सरकारी आदेशानुसार सार्वजनिक कर्तव्यासाठी बंधपत्र देणाऱ्याकडून संपूर्ण रक्कम वसूल करता येते. परंतु त्याला जोडलेले स्पष्टीकरण असे की, सरकारशी करार केला एवढ्यानेच कोणी सार्वजनिक कर्तव्य पत्करले असे होत नाही. म्हणजेच करार करणारे सरकार हे इतर पक्षकारांसारखेच एक पक्षकार आहे, हे तत्त्व वसाहतकालीन कायद्यातच नमूद होते.

बटाट्यांच्या मक्त्यापासून भिकाजी कामा प्लेसपर्यंत

या तत्त्वास न्यायालयीन आशय देण्यात, मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्या. जे. सी. शहा यांचा वाटा मोठा आहे. फतेहचंद प्रकरणात (१९६३) व्यवहार खाजगी होता. विक्रेत्याने घेतलेल्या २५,००० रुपयांपैकी इसारा म्हणून दिलेले १,००० रुपये त्याच्याकडे राहिले; उर्वरित २४,००० रुपयांच्या जप्तीस कलम ७४ लागू झाले.

मौला बक्ष प्रकरणात (१९६९) प्रतिपक्ष सरकारच होते. १९४७ मध्ये लष्करास बटाटे, तसेच कोंबड्या, अंडी व मासे पुरविण्याच्या दोन मक्त्यांसाठी अनुक्रमे १०,००० व ८,५०० रुपये अनामत घेतली होती. पुरवठ्यात कसूर झाल्याने करार रद्द झाले व अनामत जप्त झाली. बाजारभाव दाखवून नुकसान सिद्ध करणे सरकारला सहज शक्य होते. ते न केल्यामुळे रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश झाला. त्याच वर्षी हनुमान कॉटन मिल्स प्रकरणात मात्र विमानांच्या भंगाराच्या व्यवहारातील २,५०,००० रुपये इसारा ठरवून जप्ती कायम झाली. या दोन निर्णयांमुळे रकमेचे नाव निर्णायक ठरू लागले.

कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणाने (२०१५) या भेदाची धार कमी केली. १९८२ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाने भिकाजी कामा प्लेस येथील भूखंड ३.१२ कोटी रुपयांच्या बोलीस दिला व ७८ लाख रुपये इसारा घेतला. मुदतवाढीचा प्रश्न प्राधिकरणाकडे अनेक वर्षे रेंगाळला. अखेर इसारा जप्त करून १९९४ मध्ये तोच भूखंड ११.७८ कोटींना विकण्यात आला. बोलीदाराने करारभंग केलेला नाही आणि प्राधिकरणाचे नुकसानही झालेले नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने रक्कम परत करविली. इसाऱ्याच्या जप्तीसही कलम ७४ लागू होते, हे या निर्णयात स्पष्ट झाले. मात्र करार होण्यापूर्वी लिलावाच्या अटींनुसार होणारी जप्ती या कलमाबाहेर ठेवण्यात आली. २००३ च्या गंगा एंटरप्रायझेस प्रकरणात, स्वीकृतीपूर्वी बोली मागे घेणाऱ्याची अनामत जप्त करणे याच दृष्टीने वैध ठरले होते.

वैधानिक जप्तीचा प्रवाह

२०२४ मधील षण्मुगवेलू प्रकरण वेगळ्या दिशेने गेले. सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेने सरफेसी कायद्याखाली केलेल्या लिलावात १२.२७ कोटींच्या बोलीवर पंचवीस टक्के रक्कम भरली गेली. उर्वरित भरली गेली नाही. फेरलिलावात बँकेस अधिक किंमत मिळाली. तरीही जप्ती २००२ च्या नियमांतून उद्भवत असल्याने संविदा अधिनियमातील नुकसानीची कसोटी लागू नाही, असा निर्णय झाला. केवळ बोली फुगवून पुढे माघार घेणाऱ्यांमुळे कर्जवसुलीच निष्फळ होईल, ही त्यामागील चिंता वास्तव आहे. अपवादात्मक परिस्थितीत दिलासा देण्याची वाटही न्यायालयाने पूर्णतः बंद केलेली नाही.

समारोप

१९९४ आणि २०२४ या दोन वर्षांशी निगडित प्रकरणांची तुलना उद्बोधक आहे. दोहोंत मालमत्ता पुढे अधिक किमतीस विकली गेली. एका बोलीदारास पैसे परत मिळाले, दुसऱ्यास नाहीत. पहिल्याकडून करारभंग झालेला नव्हता, हे एक कारण. जप्तीचा आधार एकीकडे करार आणि दुसरीकडे वैधानिक नियम होता, हे दुसरे. लिलावाच्या दालनात उभ्या असलेल्या सामान्य बोलीदारास हा दुसरा भेद क्वचितच जाणवतो.

जप्ती नसेल तर लिलाव पोरखेळ होईल. ती हिशेबाविना असेल तर शासनास कसुरीतून नफा मिळेल. या दोहोंमधील वाट १९०८ च्या संहितेत दिसते. तेथे जप्ती कायद्यानेच सांगितली आहे, पण ती यांत्रिक नाही. विक्रीचा खर्च वजा जाऊन उरलेल्या रकमेचे काय करावे, हे परिस्थिती पाहून ठरते. वैधानिक जप्ती आणि न्याय्य विवेक परस्परविरोधी नाहीत, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय. पुढील काळात लिलावाचे नियम करताना तो विचारात घेतला जाणे आवश्यक आहे.