लागण, संसर्ग आणि वेगळा कप

मराठीत रोग 'होतो', 'जडतो' आणि 'लागतो'. या तीन क्रियापदांपैकी तिसरे अधिक भयकारी आहे, कारण जे लागते ते कोणाकडून तरी येते. दृष्ट लागते, भूत लागते, वाईट नाद लागतो. तसाच रोगही लागतो आणि त्याची 'लागण' होते. 'संसर्ग' हा संस्कृत शब्दही असाच दुहेरी आहे. त्याचा मूळ अर्थ संबंध, सहवास. 'संसर्गदोष' म्हणजे वाईट संगतीने येणारा दोष. वैद्यकाने हा शब्द उचलला तेव्हा सहवासाच्या अर्थाबरोबर दोषाची छायाही आली. एचआयव्हीच्या इतिहासात या छायेने माणसांचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

या रोगाची पहिली वैद्यकीय नोंद अमेरिकेत 5 जून 1981 रोजी प्रसिद्ध झाली. कारण ठाऊक नव्हते, तोवर भीतीला काही आधार होता. पण सप्टेंबर 1983 पर्यंत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले होते की सहज संपर्क, अन्न, पाणी, हवा आणि वापरातील वस्तू यांतून हा रोग पसरत नाही. 1986 मध्ये न्यूयॉर्कमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 39 रुग्णांसोबत एकाच घरात राहणाऱ्या 101 जणांची तपासणी त्यात होती. ही माणसे एकच न्हाणीघर आणि एकच शौचालय वापरत होती. ताटवाट्या, पेले, अंथरुणेही अनेकदा सामाईक होती. त्यांच्यात बाधित निघाले एकच मूल, आणि त्याला ती बाधा बहुधा जन्मतः आईकडून झाली होती. रक्त, लैंगिक संबंध, आणि गर्भावस्था, प्रसूती किंवा स्तनपान यांतून आईकडून बाळाला: विषाणूचे मार्ग एवढेच. मिठी, हस्तांदोलन, एका ताटातले जेवण यांतून तो जात नाही. डासाच्या शरीरातही तो वाढत नाही, पचून नष्ट होतो.

भारतात पहिली प्रकरणे 1986 साली मद्रासमध्ये उघडकीस आली. ती शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या त्यांच्या विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला. म्हणजे आपल्याकडे रोग सापडला तेव्हा तो स्पर्शाने पसरत नाही, हे ज्ञान आधीच उपलब्ध होते. तरीही पुढे जे घडले ते घडलेच.

14 फेब्रुवारी 1989 रोजी गोव्यात डॉमनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. तो नियमित रक्तदान करीत असे. त्या रक्ताच्या तपासणीतून त्याची बाधा कळली होती. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून बाधित व्यक्तीला अलग ठेवण्याचा अधिकार सरकारने घेतला होता. त्याच्या आधारे डॉमनिकला म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग आरोग्यधामात 64 दिवस ठेवण्यात आले. त्याची आई न्यायालयात गेली. त्याला घरी जाता आले. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला. 1992 मध्ये डॉमनिक वारला. त्याच्या जीवनावर आधारलेला 'माय ब्रदर... निखिल' हा चित्रपट 2005 मध्ये आला.

दुसरे प्रकरण मुंबईचे. सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळाने एका हंगामी कामगाराला, तो कामास सक्षम असूनही, केवळ बाधित म्हणून नोकरी नाकारली. 1997 मध्ये उच्च न्यायालयाने हे अन्यायकारक ठरवले. न्यायालयात आपले नाव उघड न करण्याची मुभाही त्याला मिळाली. निकालात तो 'एमएक्स' आहे. डॉमनिकचे नाव सर्वतोमुखी झाले आणि त्याचे जगणे कठीण झाले. या कामगाराला न्याय मिळाला तो नाव बाजूला ठेवल्यावर. साहित्याच्या अभ्यासकाने या दोन टोकांकडे अवश्य पाहावे.

भीतीचे मूळ केवळ अज्ञानात असते, तर 1986 नंतर ती ओसरायला हवी होती. ती ओसरली नाही, कारण तिला जुना साचा तयार मिळाला. सोवळे-ओवळे, विटाळ, वेगळे पाणी, वेगळे भांडे ही आपल्या समाजाची जुनी व्यवस्था. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी आव्हान दिले ते याच व्यवस्थेला. कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवणारा 1898 चा कायदा तर 2016 पर्यंत पुस्तकात होता. एचआयव्हीबाधिताचा कप वेगळा ठेवायला विषाणूने शिकवले नाही. तो कप घरात आधीपासूनच होता.

अर्थात सारा दोष जातिव्यवस्थेच्या माथी मारून भागणार नाही. अमेरिकेत 1985 साली इंडियाना राज्यातील कोकोमो गावाने रायन व्हाइट या हिमोफिलिया असलेल्या मुलाला शाळेत येण्यापासून रोखले होते. तिथे सोवळे नव्हते. मात्र हा रोग पापाची शिक्षा आहे, ही समजूत तिथेही बळकट होती. भीती सगळीकडे माणसाचीच. प्रत्येक समाजाने तिला आपापल्या घरातले कपडे घातले.

2017 चा एचआयव्ही व एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 रोजी अमलात आला. बाधितांना वेगळे ठेवणे आणि नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभाव करणे त्याने निषिद्ध ठरवले. आज नियमित औषधाने विषाणूचे रक्तातील प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके कमी राखता येते आणि तसे असेल तर लैंगिक संबंधातूनही तो जात नाही. वैद्यक आणि कायदा इतके पुढे आले आहेत. भाषा अजून मागे आहे. 'एड्सचा विळखा' असे मथळे आपण वर्षानुवर्षे वाचले; त्यात विषाणू आणि माणूस यांतला भेद पुसला गेला. वर्गात 'संसर्गजन्य' हा शब्द उच्चारताना कोणता संसर्ग, कशाचा, कोणत्या मार्गाने, हे सांगणे हे भाषाशिक्षकाचेही काम आहे. ते न सांगता सोडलेला शब्द ऐकणाऱ्याच्या मनात जुन्या विटाळाशी जाऊन मिळतो.