मूर्खाच्या हाती देऊ नये

‘सगळं मोबाइलवर मिळतं, मग उद्या वाचनालय आणि ग्रंथपाल हवेत कशाला?’ हा प्रश्न तोंडातच ठेवा आणि आधी वहाणा काढा. तुम्ही अठराव्या शतकातल्या बारामतीत, बाबूजी नाईकांच्या वाड्यात आला आहात. नाईकांचे पुराणिक मोरोपंत भारत सांगायला बसलेत आणि चौकात मुंगीला शिरायला जागा नाही.

श्रावण असूनही पावसाचा पत्ता नाही. ढग आले तसे पुढं गेले. कऱ्हेकडून येणारी गरम धूळ दातांत कचकचते. उदबत्ती, समईतलं करडीचं तेल, घामेजलेले अंगरखे, सगळा वास एकदमच नाकात शिरतो. ‘सरका की जरा!’ म्हणत कुणाचा तरी गुडघा पाठीत रुततो. सरका.

पोथी एकच, ऐकणारे चौकभर. बहुतेकांना अक्षर येत नाही, पण म्हणून त्यांना अडाणी समजाल तर फसाल. वाती वळत बसलेल्या आजींना हळूच विचारून बघा, ‘भीष्म नवव्या दिवशी पडले ना?’

‘दहाव्या!’ वळणारा हात थांबतसुद्धा नाही.

दाराकडेही एकदा बघा. उंबऱ्यापलीकडं उन्हात काही जण उभे आहेत. आवाज त्यांच्यापर्यंत पोचतो, आत बोलावणं मात्र नाही. हे काही मला गोड करून सांगवत नाही.

पुराण उठलं की ओसरीवर चला. पंतांची रामायणं 108. त्यातल्या निरोष्ठ रामायणात ओठाला ओठ लावायचा नाही. प, फ, ब, भ, म बाद! म्हणजे बारामती नाही, मोरोपंत नाही, खुद्द रामसुद्धा नाही. तुम्ही प्रयत्न करता, ओठ मिटतात, पोरं खिदळतात.

इथं पोथ्या उतरवण्याचं काम चाललंय. बोरू कुरकुरतोय. सुट्या पानांची चळत दोन फळ्यांमध्ये, वर लाल बासन. शेवटच्या पानावर पोथीच विनवते: तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, बांधणी सैल सोडू नका, मूर्खाच्या हाती देऊ नका. वाचनालयाचे नियम याहून थोडक्यात कुणी लिहिलेत? आणि तुमच्या बोटांना तर आत्ताच समईचं तेल लागलंय.

तेवढ्यात एक शेतकरी कनवटीचा कागद काढतो. ‘एवढं वाचून दाखवा.’ लेखनिक बोरू ठेवतो, कागद दोनदा वाचतो, आणि नांगराची निशाणी कुठं करू नकोस तेही सांगतो. पीकविम्याचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाशेजारी उद्याचा ग्रंथपाल असाच बसला, तर त्याची नोकरी मोबाइल खाणार नाही, असं माझं सरळ मत आहे. अर्ज वाचून दाखवणारं ॲप मिळेल, पण ‘इथं सही नको’ म्हणत हात कोण धरणार?

‘आणि हे कोण?’ लेखनिक तुमच्याकडं वळतो. ‘अक्षर येतं? मग हात धुऊन बसा. पाचवं पान उतरवायला घ्या.’