ग्रीनस्टेडच्या ओकच्या भिंती: 845 की 1063 नंतर?

इंग्लंडमधल्या एसेक्स काउंटीत, चिपिंग ऑन्गर या गावाजवळ ग्रीनस्टेड नावाची लहानशी वस्ती आहे. तिथलं सेंट अँड्र्यूचं पॅरिश चर्च, म्हणजे त्या वस्तीचं आपलं चर्च, दिसायला अगदी साधं आहे. पण त्याच्या मुख्य दालनाच्या भिंती दगडाच्या नाहीत. ओकचे बुंधे उभे चिरून, गोल बाजू बाहेर आणि सपाट बाजू आत ठेवून, एकाला एक लावून उभे केलेत. दोन बुंध्यांमधल्या फटीतून वारा-पाणी येऊ नये म्हणून कडांना खाचा पाडून त्यात लाकडी पट्ट्या बसवल्यात. इतकी जुनी लाकडी भिंत असलेलं चर्च इंग्लंडमध्ये दुसरं उभं नाही.

बाकीची इमारत नंतर वाढत गेली. वेदीकडचा विटांचा भाग साधारण 1500 च्या सुमाराचा आहे, मनोऱ्यातल्या घंटेवर 1618 हे साल आहे. 1848 च्या सुमारास डागडुजी करताना बुंध्यांची कुजलेली खालची टोकं कापून ते विटांच्या जोत्यावर बसवले.

आता मुद्द्याचं. या भिंती कधीच्या? 1960 च्या सुमारास लाकडाच्या वलयांवरून साल काढलं गेलं: 845. म्हणजे नॉर्मन लोक इंग्लंडमध्ये यायच्या दोनशेहून जास्त वर्षं आधी. हा आकडा इतका चिकटला की आजही तो अधूनमधून छापलेला दिसतो. 1995 मध्ये पुन्हा तपासणी झाली आणि उत्तर आलं 1053, अधिक 10 ते 55 वर्षं.

हे 'अधिक 10 ते 55' काय आहे, ते नीट समजून घेऊ. चांगल्या पावसाच्या वर्षी ओकचं वलय जाड होतं, कोरड्या वर्षी बारीक. एका भागातल्या झाडांमध्ये जाड-बारीक वलयांचा हा क्रम बराचसा सारखा असतो. आजच्या झाडापासून मागे जात, जुन्या तुळया एकमेकींशी जुळवत एक सलग मालिका तयार करायची आणि आपला नमुना त्यात कुठे बसतो ते बघायचं. 1960 च्या आसपास इंग्लिश ओकची अशी लांब, भरवशाची मालिकाच नव्हती. ती पुढच्या दोन-तीन दशकांत उभी राहिली. त्यामुळे आधीच्या संशोधकांना हसू नका, त्यांच्याकडे जुळवून बघायला पट्टीच अपुरी होती.

पण पट्टी पूर्ण असली तरी एक अडचण उरते. सालीखालचं फिकट, नरम लाकूड, म्हणजे रसकाष्ठ, किडे खातात किंवा सुतार तासून टाकतो. ग्रीनस्टेडच्या बुंध्यांवर ते उरलेलं नाही. मोजता आलेलं शेवटचं वलय 1053 चं. त्याच्या बाहेर किती वलयं होती? ब्रिटनच्या ओकमध्ये रसकाष्ठाची वलयं साधारण 10 ते 55 धरली. म्हणून झाड तोडलं गेलं 1063 ते 1108 च्या दरम्यान. 1053 हे बांधकामाचं साल नाहीच! नोट्स काढताना मीही पहिल्यांदा तेच लिहून बसलो होतो.

आणि या पट्ट्याच्या मधोमध, म्हणजे सुरुवातीलाच म्हणा, 1066 येतं, नॉर्मन विजयाचं साल. ज्या चर्चला सगळे 'सॅक्सन' म्हणत आले, ते नॉर्मन राजवटीत उभं राहिलेलं असण्याची शक्यताच जास्त. 45 वर्षांपैकी 42 त्या बाजूला पडतात. अर्थात बांधणारे सुतार राजा बदलला म्हणून बदलले नसणार, पद्धत जुनीच राहिली असेल.

याचा फटका एका आवडत्या कथेलाही बसतो. परंपरा सांगते की 1013 मध्ये राजा संत एडमंडचा देह लंडनहून बरी सेंट एडमंड्सला नेताना एक रात्र इथे ठेवला होता. या भिंतींमध्ये तो असणं शक्य नाही, कारण तेव्हा ही झाडं जंगलात उभी होती. पण म्हणून कथा खोटी ठरत नाही. 1960 च्या खोदकामात वेदीकडच्या फरशीखाली आणखी दोन जुन्या लाकडी इमारतींच्या खुणा सापडल्या आहेत. या जागेवर आजच्या भिंतींच्या आधीही काही ना काही उभं होतं.