स्मृतिभ्रंश आणि एलजीबीटी ज्येष्ठ
स्मरणशक्ती, विचार व रोजचे व्यवहार ढासळवणाऱ्या मेंदूविकारांचा गट म्हणजे स्मृतिभ्रंश. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांत त्याचे प्रमाण ७.४ टक्के असून खेड्यांत ते शहरांहून जास्त आहे. शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण तालुक्यांत रुग्णाची शुश्रूषा लेक-सुनांवरच असते. समलिंगी जोडीदारासोबत राहणाऱ्या किंवा घर सुटलेल्या तृतीयपंथी ज्येष्ठांना हा आधार बहुधा नसतो. केसपेपरवर नाते विचारले, की आयुष्यभराचा सोबती नुसता ‘मित्र’ ठरतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ इथे फार मोलाचा आहे. साध्या कागदावर सही किंवा अंगठा उमटवून, उपचारांच्या निर्णयांत साथ देण्यासाठी कोणाही प्रौढाला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येते. रक्ताचे नाते लागत नाही. लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करण्यासही मनाई आहे. हा कागद भान शाबूत असतानाच करून ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये समलिंगी विवाहास मान्यता नाकारल्याने त्याची गरज वाढली आहे.

एलजीबीटी समुदायासाठी काम करणारा, अशोक राव कवी यांनी १९९४ मध्ये स्थापलेला हमसफर ट्रस्ट मुंबईत आहे. मुरबाडहून तिथे जायचे, तर आधी एसटीने कल्याण गाठावे लागते.