भिवंडीतील घरगुती नळव्यवस्था

भिवंडीतील घरगुती नळव्यवस्था म्हणजे ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहरात घरापर्यंत आलेले पाणी साठवणे, वरच्या मजल्यांवर चढवणे, घरात खेळवणे आणि सांडपाणी बाहेर काढणे यांसाठी वापरली जाणारी नळ, टाक्या, पंप व निचऱ्याची यंत्रणा होय. गिझर व वातानुकूलन यंत्रे यांची निगाही व्यवहारात याच कामाला जोडून येते. शहराला दिवसातील ठरावीक वेळीच पाणी मिळत असल्याने येथील नळव्यवस्था मुळात साठवणुकीची व्यवस्था आहे. तिच्यातील बरेचसे बिघाड आणि आरोग्याचे धोके याच एका गोष्टीतून उद्भवतात.

पाण्याचे स्रोत

२०११ च्या जनगणनेनुसार भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या सुमारे ७ लाख १० हजार होती. शहराचा पाणीपुरवठा भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेकडे आहे. उल्हास नदीचे पाणी उचलून शुद्ध करणाऱ्या शहाड-टेमघर योजनेतून, म्हणजेच स्टेम या कंपनीकडून, मोठा वाटा मिळतो. त्याला मुंबई महानगरपालिकेकडून मिळणाऱ्या पाण्याची आणि कामतघर येथील वऱ्हाळादेवी तलावाची जोड आहे. मुंबईला पाणी नेणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या भिवंडी तालुक्यातूनच जातात आणि मुंबईचे पांजरापूर येथील जलशुद्धीकरण केंद्रही याच तालुक्यात आहे. तरीही तालुक्याच्या शहरात पाणी भरून ठेवण्याची सवय सुटलेली नाही. अनेक इमारतींत बोअरवेलचे पाणी वापरले जाते. ते नळाच्या पाण्यापेक्षा बहुधा जड असते.

खंडित पुरवठ्याचे परिणाम

पुरवठा चालू असताना जलवाहिनीत दाब असतो. त्यामुळे एखादा जोड सैल असला तरी पाणी आतून बाहेर गळते; बाहेरची घाण आत येत नाही. पुरवठा बंद झाला की उताराकडील नळ उघडे राहतात, वाहिनी रिकामी होते आणि तिच्यात शोषण निर्माण होते. अशा वेळी सैल जोडातून किंवा गंजलेल्या छिद्रातून आजूबाजूचे सांडपाणी आत ओढले जाते. दाट वस्तीत घरगुती जोडणीचा पाइप गटारातून किंवा गटाराच्या कडेने नेलेला असला, तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ किंवा वास असलेले येते, त्याचे एक कारण हेच. हे पाणी पिण्याच्या टाकीत न घेता फरशी धुण्यासाठी किंवा संडासासाठी वापरावे.

मुख्य वाहिनीच्या जोडणीला थेट मोटर लावून पाणी ओढण्याचा प्रकार सर्वत्र आढळतो. तो नियमबाह्य तर आहेच, शिवाय त्याने वाहिनीतील दाब आणखी घटतो, शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो आणि गटाराचे पाणी वाहिनीत शिरण्याची शक्यता वाढते. मोटर लावणाऱ्याच्या घरातही तेच पाणी येते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. जमिनीलगतच्या टाकीत पाणी आपोआप पडू देऊन मोटरने त्या टाकीतूनच ते उचलणे, ही योग्य पद्धत होय.

दूषित पाण्यातून कावीळ, विषमज्वर व अतिसार पसरतात. भिवंडीप्रमाणेच यंत्रमागांसाठी प्रसिद्ध असलेल्या इचलकरंजी शहरात २०१२ मध्ये हिपॅटायटिस ई या विषाणूजन्य काविळीची मोठी साथ आली होती. हा आजार एरवी आपोआप बरा होत असला, तरी गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो जिवावर बेतू शकतो.

टाक्या

इमारतींत जमिनीखालील आणि गच्चीवरील अशा दोन टाक्या असतात. चाळींतील खोल्यांमध्ये त्यांची जागा पिंप, हंडे व कळश्या घेतात. गच्चीवरील टाकीत पाण्याची पातळी राखण्याचे काम बॉल कॉक करतो. त्याचा वॉशर झिजला किंवा तरंगता गोळा फुटला, की टाकी भरून वाहते. वाहून जाण्याचा पाइप गच्चीवर उघडा सोडलेला असल्यास त्याच्या तोंडाला बारीक जाळी हवी.

टाकी साधारणपणे सहा महिन्यांतून एकदा रिकामी करून तळाचा गाळ काढतात आणि भिंती घासून धुतात. त्यानंतर टाकी भरून, दर हजार लिटर पाण्यास ३३ टक्के क्लोरीन असलेली सुमारे १५० ग्रॅम ब्लिचिंग पावडर बादलीत कालवून, वरची निवळ टाकीत ओततात. काही तासांनी हे सर्व पाणी नळांतून सोडून देतात; ते पिण्यास वापरू नये. उघड्यावर किंवा दमट जागी ठेवलेल्या पावडरीतील क्लोरीन उडून जातो, म्हणून जुन्या पोत्यातील पावडर निरुपयोगी ठरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नळाच्या टोकाशी दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो.

साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगी पसरवणारा एडीस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून पिंपे घासून पालथी घालण्याचा सल्ला या गणितावर आधारलेला आहे. नुसते पाणी ओतून दिल्यास कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

जमिनीखालील बंद टाकीत एकट्याने उतरणे धोक्याचे असते, कारण तेथे प्राणवायू कमी असू शकतो. मलटाकीत व गटारात विषारी वायू साचतात. अशा टाकीत सुरक्षासाधनांशिवाय माणसाला उतरवणे हा २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार गुन्हा आहे. गटार-सफाईत मृत्यू झाल्यास कुटुंबास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला.

मोटर व पाइप

मोटर चालू आहे पण पाणी चढत नाही, ही सर्वात नेहमीची तक्रार. मोटर एअर घेते, असे तेव्हा म्हटले जाते. टाकीतील ओढनळीच्या तळाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकल्यास तो नीट मिटत नाही, नळीतील पाणी खाली उतरते आणि पंपात हवा भरते. पंपात पाणी भरून ती काढता येते. मात्र रोज पाणी भरावे लागत असेल तर व्हॉल्व्ह बदलणेच बरे. कोरडा पंप फार वेळ चालला तर त्याचे सील जळते.

जुन्या इमारतींत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, म्हणजे जीआय पाइप आहेत. त्यांचे आटे ताग व सफेदा लावून घट्ट करीत. आता टेफ्लॉन टेप वापरतात. हे पाइप आतून गंजून अरुंद होतात, त्यामुळे वरची टाकी भरलेली असूनही नळाची धार बारीक येते. नव्या कामात गंज न लागणारे प्लॅस्टिकचे पाइप वापरतात. त्यांपैकी साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्याला चालत नाही. त्यासाठी सीपीव्हीसी लागतो.

गळती आणि इमारतीचे आरोग्य

भिंतीत झिरपणारे पाणी काँक्रीटमधील सळ्यांपर्यंत पोहोचले की त्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून काँक्रीटचे पापुद्रे सुटतात आणि आतील सळई उघडी पडते. त्यावर नुसते प्लॅस्टर व रंग मारणे म्हणजे दुखणे झाकणे होय. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे भिवंडीतील पटेल कंपाउंड भागातील जिलानी ही तीन मजली इमारत कोसळून ३५ हून अधिक रहिवासी मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेचे कारण एकट्या गळतीत शोधता येत नाही. पण जुन्या इमारतीत वर्षानुवर्षे ओली राहणारी भिंत ही संरचना-तज्ज्ञाकडून तपासून घेण्याची बाब आहे, नळ कारागिराने मिटवण्याची नव्हे. महाराष्ट्रात ३० वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी कायद्याने बंधनकारक आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरील सामाईक पाइप, निचऱ्याची वाहिनी व पावसाचे पाणी यांमुळे होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. सदनिकेतील संडास, मोरी, सिंक यांतून होणारी गळती सभासदाने स्वखर्चाने थांबवायची असते. वरच्या व खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचे वाद बहुधा याच सीमारेषेवर घडतात.

न्हाणीघरातील जमिनीच्या जाळीखाली न्हाणी ट्रॅप असतो. त्यात साचलेले पाणी गटाराचा वास व झुरळे अडवते. बरेच दिवस बंद असलेल्या घरात हे पाणी सुकते आणि दुर्गंधी येऊ लागते. तेव्हा तांब्याभर पाणी ओतणे एवढाच उपाय पुरतो.

गिझर व वातानुकूलन

भिवंडीच्या हवामानात घर तापवण्याची यंत्रणा लागत नाही; उष्णतेचे घरगुती साधन म्हणजे गिझर. बोअरवेलच्या जड पाण्याने विजेच्या गिझरमधील कॉइलवर क्षारांचा थर बसतो, पाणी उशिरा तापते आणि कॉइल जळते. जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह थेंब-थेंब गळतो म्हणून बंद करून टाकणे घातक असून, त्याने टाकी फुटू शकते. गॅस गिझर बंद न्हाणीघरात लावू नये, कारण अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू तयार होतो.

वातानुकूलन यंत्राचा शत्रू येथे धुळीबरोबर सूतही आहे. यंत्रमागांतून उडणारे कापसाचे बारीक तंतू लगतच्या घरांतील यंत्रांच्या जाळ्यांवर व बाहेरील युनिटच्या पत्र्यांवर बसतात. परिणामी हवा अडते, थंडावा घटतो आणि विजेचे बिल वाढते. कारखान्यालगतच्या घरांत जाळी दर आठवड्यास धुणे योग्य. कोकणातील दमट हवेमुळे यंत्रातून बरेच पाणी निघते. त्याची नळी शेवाळाने तुंबली की पाणी खोलीत ठिबकते. दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो, हा समज चुकीचा आहे. शीतक वायू वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय वायू भरणे व्यर्थ ठरते. नव्या यंत्रांतील आर-३२ हा वायू काही प्रमाणात ज्वलनशील असल्याने हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे लागते.