पहाडाची ओढ का लागते?

वऱ्हाडातल्या माणसाला उत्तर दिशा शोधावी लागत नाही. अकोट, अंजनगाव, अचलपूर या पट्ट्यातल्या कुठल्याही वावरात उभे राहा आणि पऱ्हाटीच्या ओळींवरून नजर वर उचला. जिकडे निळी रेघ दिसेल ती उत्तर. पुस्तकात आपण तिला सातपुडा म्हणतो, गाविलगडचे डोंगर म्हणतो. घरी मात्र नुसते 'पहाड' म्हणतो.

जुन्या कारभाऱ्यांनी वऱ्हाडाचे तीन भाग मानले होते. मधला काळ्या मातीचा सपाट पट्टा म्हणजे पाईनघाट, दक्षिणेचे पठार म्हणजे बालाघाट आणि उत्तरेचा डोंगराळ मुलूख तो मेळघाट. पहिले दोन भाग ओळखले जात ते कापसामुळे, ज्वारीमुळे आणि साऱ्याच्या आकड्यांमुळे. तिसऱ्याची ओळख होती ती भीतीची. तिथे वाघ, तिथे हिवताप, तिथले पाणी बाधते, तिथे गेलेला बैल परत येत नाही, असे आपले आजे-पणजे सांगत. आणि आज पाहा! श्रावणातल्या रविवारी परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या घाटात मोटारींची रांग लागते. ज्या मुलखाला आजा भ्याला त्याच मुलखावर नातू लोभावतो. हे कसे घडले? वरवर पाहता हा प्रश्न कवीचा वाटेल, पण तो इतिहासाचाही आहे. आज आपण त्याचाच थोडा विचार करू.

पहिले उत्तर अगदी सोपे आहे, आणि ते भूगोलात आहे. अचलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे फुटांवर, तर चिखलदरा साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीवर. मधे अंतर ते किती? एस.टी.ने दीड-दोन तासांचे. वैशाखात खाली वऱ्हाड तव्यासारखे तापलेले असते. वर रात्री अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटते. पावसाळ्यात खाली चिखल, तर वर ढग खिडकीतून घरात येतात. महाराष्ट्रात कॉफीचे मळे म्हटले की चिखलदऱ्याचेच नाव निघते. मैदानातल्या माणसाला जे जे दुर्मिळ, ते ते पहाडावर आहे. थंडावा, सावली, वाहते पाणी आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे एकांत.

या एकांतासाठी पहाडाकडे आलेला एक थोर प्रवासी आपल्या मराठीच्या इतिहासात आहे. श्रीचक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे. रिद्धपूरला गोविंदप्रभूंची भेट झाल्यावर ते साळबर्डीच्या डोंगरात राहिले, तिथे त्यांना मुक्ताबाई नावाची तपस्विनी भेटली, असे महानुभावांची परंपरा सांगते. साळबर्डी म्हणजे मोर्शीच्या उत्तरेला, याच सातपुड्याच्या कुशीत. तेराव्या शतकातली ही गोष्ट. लक्षात घ्या, स्वामींना डोंगरातून काही न्यायचे नव्हते. असा प्रवासी विरळा. पुढे जे आले त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी हवे म्हणून आला.

राजांना हवा होता आसरा. गाविलगड बहामनी सुलतान अहमदशहाने १४२५ साली बांधला असे फरिश्ता लिहितो. पण गडाच्या नावातच गवळी आहे, तेव्हा सुलतानाच्या आधीपासून इथे गवळ्यांची वस्ती असणार, असा तर्क करतात आणि तो पटण्यासारखा आहे. पुढे फतेउल्ला इमादुल्मुल्क याने गडाची डागडुजी केली आणि १४९० मध्ये वऱ्हाडची इमादशाही स्थापन केली. हा फतेउल्ला जन्माने विजयनगरकडचा, कानडी मुलखातला. गडाच्या शार्दूल दरवाज्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. कुठे तुंगभद्रा आणि कुठे मेळघाट! शाळेची सहल गडावर जाईल तेव्हा शिक्षकांनी मुलांना तो पक्षी अवश्य दाखवावा. १५९८ मध्ये गड अकबराच्या फौजांनी घेतला. अबुल फजलाने 'आईने अकबरी'त गाविलला जवळजवळ अजोड किल्ला म्हटले आहे, आणि हत्यारांना पाणी देतात त्या तिथल्या झऱ्याचीही नोंद केली आहे. पाहा, राजाच्या माणसाने झरा पाहिला तोसुद्धा तलवारीच्या कामाचा म्हणून!

आता १८०३ सालाकडे येऊ. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली. नागपूरकर भोसल्यांची फौज हरली आणि इंग्रज सेनापती आर्थर वेल्स्ली गाविलगडाकडे वळला. हाच पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. दक्षिणेकडून गड चढणे अशक्य, म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगराला वळसा घातला. जवळजवळ तीस मैल, स्वतः वाट फोडीत आणि तोफा हातांनी ओढीत, ती उत्तरेच्या लबाडा गावापाशी पोचली. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला खिंडार पडले. आतल्या तटावर शिड्या लावून चढले ते कॅप्टन कॅम्बेल आणि ९४ व्या पलटणीचे शिपाई. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. गड भोसल्यांकडे परत आला खरा, पण त्याचा दरारा संपला.

त्या ९४ व्या पलटणीचे नाव होते 'स्कॉच ब्रिगेड'. स्कॉटलंड हा इंग्लंडच्या उत्तरेचा देश, आणि त्याच्याही उत्तरेचा डोंगराळ भाग म्हणजे तिथला मेळघाटच म्हणा ना! इंग्रज त्या डोंगराला भीत असत. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत डोंगरी लोकांचा मोड झाला, त्यांची हत्यारे काढून घेतली गेली, त्यांचा पोशाखसुद्धा काही वर्षे बंद झाला. आणि मग काय झाले? १८१० मध्ये वॉल्टर स्कॉटचे त्या प्रदेशावरचे काव्य प्रसिद्ध झाले आणि तिथली सरोवरे पाहायला शहरांतून गाड्या भरभरून लोक जाऊ लागले. त्याच सुमारास त्याच डोंगरातल्या सदरलँड परगण्यात जमीनदार मेंढ्यांसाठी कुळांची घरे रिकामी करीत होते. प्रवासी ज्या देखाव्यावर लुब्ध झाला त्यातला माणूस त्याच वेळी तिथून घालवला जात होता.

आता आपल्याकडे या. १८१८ मध्ये नागपूरचे अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले ते सातपुड्यात, महादेवाच्या डोंगरात शिरले आणि गोंड-कोरकूंच्या आसऱ्याने राहिले. म्हणजे तोवर हा पहाड सरकारला डाचणाराच होता. ते बंड मोडले. १८२२ च्या तहाने गाविलगडचा मुलूख निजामाकडे गेला. आणि लगेच पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा 'शोधून काढला' असे लिहिलेले सापडते!

शोधून काढला म्हणजे काय? पठारापासून हाकेच्या अंतरावर चारशे वर्षांचा गड होता. रानात कोरकूंची गावे होती. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले, म्हणून कीचकदरा आणि त्याचाच चिखलदरा, ही कथा लोक सांगतच होते. भीमाने हात धुतले ते भीमकुंडही तिथेच होते. कॅप्टनसाहेबाने जागा शोधली नाही. अचलपूरच्या छावणीत उन्हाने होरपळणाऱ्या गोऱ्या माणसाला मायदेशासारखी हवा त्याने शोधली. तरीही १८५८ मध्ये एकदा जुनी भीती परत आली. तात्या टोपे नर्मदा ओलांडून मुलताईपर्यंत आले. ते गाविलगडाचा आश्रय घेतील या धास्तीने सरकारने गडाची तटबंदी पाडून टाकली. त्यानंतर बंगले वाढले, बागा वाढल्या, उन्हाळ्यात साहेबांची कचेरी वर जाऊ लागली.

तेव्हा दुसरे उत्तर असे निघते, आणि ते जरा कडू आहे. रानाची भीती गेल्यावर रानाचे प्रेम येते. दरोडेखोर, बंडखोर, गडावरची तोफ ही सारी जिवंत असतात तोवर कुणी दरीच्या कड्यावर बसून सूर्यास्त पाहत नाही. सौंदर्य पूर्वीही होते. ते निवांत पाहण्याची सोय नव्हती.

मग आले जंगलखाते. १८६० च्या दशकापासून मेळघाटातली जंगले राखीव होऊ लागली. त्या खात्याला पहाडात दिसला तो साग. शिकाऱ्याला दिसला वाघ. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक, आणि वाघ मारायला येणाऱ्यांच्या जागी वाघ पाहायला येणारे आले. हा बदल निःसंशय चांगला. पण वाघासाठी जागा हवी म्हणून या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे उठली आणि खाली अकोटच्या बाजूला वसली. स्कॉटलंडची गोष्ट आठवते ना? तिथे मेंढ्या होत्या, इथे वाघ आहे. हेतू वेगळा, कायदा वेगळा, मोबदलाही आहे. पण घर सोडणाऱ्या म्हातारीला होणारे दुःख मात्र सगळीकडे सारखेच.

आता ज्याचे घरच तिथे आहे त्याच्याकडे वळू. कोरकूंची भाषा मराठीच्या कुळातली नाही, हिंदीच्या नाही आणि गोंडीच्याही नाही. ती मुंडा कुळातली. तिच्या बहिणी संथाळी आणि मुंडारी, पार पूर्वेला छोटा नागपूरकडे. त्या कुळातली सर्वांत पश्चिमेची भाषा ती हीच. मेळघाटातल्या नदीला सिपना म्हणतात. कोरकूत सिपना म्हणजे साग. नकाशावर आपण नदीचे नाव वाचतो, कोरकू मूल झाडाचे नाव ऐकते. आपल्या मृतांच्या स्मरणार्थ कोरकू सागाचे खांब कोरतात, त्यांवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार असतात. म्हणजे ज्या सागाचे घनफूट सरकारने मोजले, त्याच सागात त्यांचे वाडवडील उभे आहेत.

त्यांची जन्मकथा तर ऐकण्यासारखी आहे. रसेल आणि हिरालाल यांनी ती १९१६ मध्ये छापली. सातपुडा ओसाड पाहून रावणाने महादेवाला विनवले की इथे माणसे वसव. महादेवाने वारुळाची लाल माती घेऊन एक पुरुष आणि एक बाई घडवली. पण इंद्राने पाठवलेल्या दोन घोड्यांनी ती तुडवून टाकली. पुन्हा घडवावे, पुन्हा तुडवावे. शेवटी महादेवाने कुत्रा घडवून राखणीला ठेवला, तेव्हा कुठे मुला आणि मुलाई ही पहिली जोडी जगली. आपण हौसेने पहाड चढतो. कोरकू म्हणतो, आम्ही या पहाडाच्या मातीचेच आहोत, आणि आमच्या कथेत पहिले संकट आले ते बाहेरून, घोड्यांच्या टापांनी!

म्हणून सांगतो, प्रवाशाचे प्रेम खोटे नसते, पण ते सवडीचे असते. त्याला परतीची गाडी ठाऊक असते. पावसात रस्ता खचला तर त्याची एक सुट्टी बुडते. धारणीकडच्या बाळंतिणीचा मात्र दवाखाना दूर जातो. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला. त्या वर्षीही पहाड हिरवाच होता, धबधबे तसेच कोसळत होते.

मात्र काही जण आले आणि राहिले. जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्याने कोरकू भाषा शिकून १९०३ मध्ये तिचे व्याकरण छापले. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राबले, आणि रानातल्या माणसांकडून पाखरांची व झाडांची नावे शिकून त्यांनी ती मराठीला दिली. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी बैरागडला बिऱ्हाड थाटून रोग्यांची सेवा केली. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि पायथ्याच्या पायविहीर गावाने तर बाहेरच्यांची वाटही पाहिली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवून गावकऱ्यांनी उजाड रान पुन्हा उभे केले आणि त्याची सीताफळे बाजारात विकली. ही सारी माणसे पहाडाच्या प्रेमात पडलेलीच. फरक एवढाच की त्यांनी पहाडाला 'तुझ्यात काय पाहण्यासारखे आहे?' असे विचारले नाही. 'तुझे काय चालले आहे?' असे विचारले.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेची सहल बहुधा चिखलदऱ्याला जातच असेल. देवी पॉइंट दाखवा, पंचबोलला आरोळी देऊन प्रतिध्वनी ऐकवा, शार्दूल दरवाज्यावरचा पक्षी दाखवा. पण एक तास एखाद्या कोरकू गावच्या शाळेसाठी राखून ठेवा. तुमच्या मुलांनी तिथल्या मुलांकडून दहा शब्द शिकून यावे. पाण्याला काय म्हणतात, वाघाला काय म्हणतात, घराला काय म्हणतात. ते वहीत लिहून आणावे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वाचावे. आणि वावरात काम करणाऱ्या माझ्या बांधवांनो, संध्याकाळी उत्तरेकडची ती निळी रेघ दिसली की एवढे ध्यानात असू द्या, की त्या रेघेतही चुली पेटलेल्या असतात.