सोलापुरात समुद्राचं पाणी

मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला आणि गटातल्या एका ताईंनी भलताच प्रश्न काढला. त्या गणवेश शिवतात. त्यांच्या मुलानं साठवलेल्या पैशांतून खाऱ्या पाण्याचा छोटा फिशटँक आणला. समुद्री मिठाचं तयार पाकीट मिळतं, ते घरच्या बोअरच्या पाण्यात कालवलं. मासे सोडण्याआधी तपासणीची पट्टी बुडवली, तर ती नायट्रेट भरपूर असल्याचं दाखवू लागली. ताई म्हणाल्या, "मासा अजून आत पडला नाही, मग घाण आली कुठून?"

आम्हालाही सांगता येईना. मग वाचत गेलो, आणि ही गोष्ट पावणेदोनशे वर्षं मागे गेली.

काचेच्या पेटीत समुद्रातला जीव ठेवून पाहणाऱ्या पहिल्या माणसांत जान पॉवर या बाई होत्या. मूळच्या फ्रान्सच्या. पॅरिसमध्ये त्या शिवणकाम, भरतकाम करत. एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख त्यांच्या हातचा. लग्नानंतर त्या सिसिली बेटावर मेसिनाला गेल्या आणि तिथे 1832 च्या सुमारास त्यांनी अशा पेट्या तयार केल्या. पण त्यांच्या दाराशी समुद्र होता. पाणी खराब झालं की नवं आणता येई.

लंडनच्या ॲना थिन यांची अडचण आपल्यासारखी होती. 1846 मध्ये त्यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळी घरी आणली. प्रवासात ती आदळू नयेत म्हणून सुईदोऱ्यानं मोठ्या स्पंजाला टाके घालून बसवली! घरी समुद्राचं पाणी मोजकंच. मग तेच पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं, अर्धा-पाऊण तास, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे ओतायचं कोणी? घरकामाच्या छोट्या मुलीनं. बाईंनी पुढे लिहिलं की काम थकवणारं होतं खरं, पण पोरीला त्यात गंमत वाटायची. पोरीला काय वाटायचं ते तिच्या तोंडून कोणी लिहून ठेवलं नाही. तिचं नावसुद्धा नाही.

1847 मध्ये थिनबाईंनी जिवंत शेवाळ चिकटलेले दगड-शिंपले मागवून त्या पाण्यात ठेवले. युक्ती बरोबर होती, तिचं कारण मात्र बरंच नंतर कळलं. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. सूक्ष्म जीव त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जीव वेगळे काढून दाखवले ते विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं, 1890 च्या सुमारास. अमोनिया मासे लगेच मारतो. नायट्रेट तितकं जहाल नाही, पण ते साठत जातं, आणि नाजूक पोवळ्यांना थोडंही सोसत नाही. शेवाळ ते खातं. दगडांच्या आत, जिथे हवा पोचत नाही, तिथले दुसरे जीव त्याचा वायू करून सोडून देतात.

आपल्या मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलं, तेही मरीन ड्राइव्हवर, समुद्राला लागून. सोलापूरकरांना समुद्र म्हणजे सिद्धेश्वर एक्सप्रेसची एक रात्र. आणि टँक जितका छोटा तितकं पाणी लवकर बिघडतं. म्हणून खाणं चिमूटभर घालायचं, आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, शेवाळ वाढलं की कापून टाकायचं, कारण त्याच्याबरोबर नायट्रेट बाहेर जातं. घरातलं हे रोजचं काम पुढे कोणाच्या गळ्यात पडतं, ते तुम्हाला सांगायला नको.

पण बदलायचं पाणीच नायट्रेटचं असेल तर? ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. घाण बोअरमधूनच आली होती. उसाला टाकलेला युरिया, शोषखड्डे, गोठ्याचं पाणी, सगळं झिरपत खाली जातं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालतं, असं आपलं सरकारी मानक सांगतं. 1945 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. कॉम्ली यांनी दाखवलं की विहिरीच्या अशा पाण्यात कालवलेलं दूध पाजल्यानं तान्ही बाळं निळी पडतात, कारण रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. पाणी उकळूनही उपयोग नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं.

हे ऐकून बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. त्याच ताईंच्या सुनेचं बाळ चार महिन्यांचं आहे, वरच्या दुधावर. मुलानं टँकसाठी आरओच्या पाण्याचा जार आणायला सुरुवात केलीच होती. आता बाळाच्या दुधालाही त्यातलंच पाणी घेतात. आणि गटातल्या चौदा घरांच्या बोअरचं पाणी बाटल्यांत भरून, वर नावाच्या चिठ्ठ्या लावून, सोमवारी तपासणीला चाललं आहे.